धसकटं पेटवण्याआधी प्लांटरच्या पुढे काय लावलंय ते बघा

मका खुडून झाला की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी एखादा मेसेज उगवतोच. यंदाचा लांबलचक आहे. वर ट्रॅक्टरचा फोटो, खाली ‘जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: वरंबा (मक्याच्या ओळीखालचा मातीचा लांब उंचवटा) न मोडता त्यावरच पुन्हा मका घेणं ही अमेरिकेची थेरं, आपल्याकडे धसकटात, म्हणजे ताट कापल्यावर मुळासकट उरणाऱ्या बुडख्यांत, प्लांटर (पेरणीचं यंत्र) चालत नाही. म्हणून धसकटं पेटवा. लष्करी अळी जळते, राखेचं खत होतं. पेटवायचं नसेल तर प्लांटरच्या पुढे कापणारं गोल पातं लावा, नाहीतर सरळ हॅपी सीडर हे काडातच पेरणारं यंत्र आणा. शिवाय चार वर्षं पेटवणाऱ्या एका शेतकऱ्याचा हवाला, उत्पन्न क्विंटलभरही घटलं नाही म्हणे.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकतो. पण हा नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याहून मामांनी पाठवला आणि मागोमाग फोन केला, “वारा पडला की लावू का रे काडी?” शेजारी दुसऱ्याची द्राक्षबाग, बांधावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली, आणि हे काडी लावायला निघालेले. म्हणून आता बसून लिहितोय.

अळीचं आधी, कारण मामांना पटलं होतं ते तेवढंच. लष्करी अळी आपल्याकडे 2018 साली आली, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. ती पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, खाते, पुढे कणसात शिरते आणि पूर्ण वाढली की जमिनीवर पडून दोन ते आठ सेंटिमीटर खोल मातीत कोष करते. काडाची आग वरच्या वर भडकते आणि काही मिनिटांत विझते. ती आच कोषापर्यंत जायची कशी? बरं, वाळून खडखडीत झालेल्या ताटात ही अळी राहतच नाही. तिचे पतंग कधीच उडून गेलेले असतात, आणि ते लांब पल्ल्याचे आहेत, तुमच्या बांधावर थांबत नाहीत. एक मात्र नाइलाजाने मान्य करतो: खोडकिड्याची अळी धसकटात आणि ताटात सुप्त पडून राहते, हे खरं आहे. जुनी माणसं धसकटं वेचून जाळायची ती त्याच्यासाठी. पण त्यावर ताटांची कुट्टी करणं, धसकट उपटून उन्हात उघडं पाडणं हे उपाय आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने एका किडीचा गुण दुसरीला चिकटवला आणि वर काडेपेटीचा सल्ला दिला.

राखेबद्दल फार लिहीत नाही. पालाश राखेत बराचसा उरतो, कबूल. नत्र बहुतेक धुरावाटे जातं आणि सेंद्रिय कर्ब तर जवळपास सगळाच. ज्या कर्बासाठी आपण शेणखताची ट्रॉली विकत घेतो, तोच पेटवायचा.

आता तो चार वर्षांचा हवाला. हा माणूस खोटं बोलत असेल असं मला अजिबात वाटत नाही. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात याकी खोरं आहे, सिउदाद ओब्रेगोन शहराजवळ. गहूशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाच्या जातींवर काम केलं तोच हा भाग. मका-गहू सुधारणेच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने, म्हणजे सिमिटने, तिथे 1992 पासून कायम वरंब्यांवर एक दीर्घ प्रयोग चालवला. कालव्याचं पाणी सरीतून (दोन वरंब्यांमधल्या चरातून), हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात मका, वरंबे पाऊण मीटरच्या आसपास, आणि जमीन आपल्या निफाड-येवल्याच्या काळीसारखीच भेगा पडणारी चिकण. आपल्याकडच्या पालखेडच्या कालव्यावर शेती करणाऱ्याने दुसरीकडचा दाखला शोधायला नको. काही तुकड्यांत वरंबा न मोडता काड जाळलं, काहींत सगळं नेलं, काहींत थोडं ठेवलं, काहींत सगळंच ठेवलं. पहिली पाच वर्षं, म्हणजे सलग दहा पिकं, उत्पन्नात फारसा फरक दिसला नाही. त्यानंतर जाळलेल्या तुकड्यांचं उत्पन्न जे कोसळलं ते पुन्हा वर आलं नाही. मातीच्या ढेकळ्या पाण्यात टिकेनात, पाणी मुरेना. चार वर्षांवर थांबून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं म्हणणं या प्रयोगात बरोब्बर बसतं. त्याचं सहावं वर्ष अजून यायचं आहे.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. थोडा पाला चाऱ्याला नेऊन उरलेला ठेवला तरी उत्पन्न सगळा ठेवलेल्या तुकड्यांच्या बरोबरीने राहिलं. म्हणजे ‘गाईला घालू की जमिनीला’ हे भांडण तितकं मोठं नाही.

मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘पुढे गोल पातं लावा, काम फत्ते.’ आगीचं नुकसान निदान लोकांना दिसतं तरी, या सल्ल्याचा तोटा थेट उगवणीत निघतो आणि शिव्या बियाण्याच्या कंपनीला बसतात.

गोल पात्याचं काम कापायचं, बाजूला सारायचं नाही. जमीन टणक आणि ताट कडक वाळलेलं असेल तर ते छान कापतं. पण सकाळच्या दवात ओलसर झालेलं ताट कापलं जात नाही, दुमडतं आणि पात्याबरोबर बियाच्या चिरेत दाबलं जातं. त्या घडीत बी पडलं की त्याला माती लागत नाही. थोडं फुगतं, मग सुकतं. दुसरी अडचण धसकटाची. जुन्या ओळीचं मुळाचं गठ्ठं वरंब्याच्या मधोमध असतं. पातं त्यावर चढलं की अख्खी पेरणीची जोडणी उचलली जाते, आणि पाच सेंटिमीटरवर जायचं बी दोनवर पडतं. अशी मागून उगवलेली रोपं शेजारच्यांच्या सावलीत वाढतात आणि कणीस धरताना मार खातात. मक्याला फुटवे फुटून भरपाई होत नाही, हे कुणाला सांगायला नको.

वरंब्यावरच्या पेरणीचं मूळ गणित साधं आहे: सगळ्या रानातला कचरा कापायचा नाही, फक्त वरंब्याच्या माथ्यावरची अडीच ते पाच सेंटिमीटर माती कचऱ्यासकट तासून सरीत ढकलायची आणि उघड्या, ओलसर पट्टीत बी सोडायचं. त्यासाठी प्लांटरच्या पुढे दोन प्रकारच्या जोडण्या चालतात. एक म्हणजे आडवं पसरट पातं, आपल्या वखराच्या पासेसारखं. ते धसकट खालून कापतं आणि दोन्हीकडे फेकतं. पण त्याला रुंद, सपाट माथ्याचा वरंबा लागतो, ओल्या काळीत ते माती चिकटवून घेतं, आणि दांड्याला ताटं गुंडाळतात म्हणून त्याच्या पुढे गोल पातं द्यावं लागतं. गोल पात्याची जागा ही अशी, मदतनिसाची. दुसरी म्हणजे तिरप्या बसवलेल्या दातेरी चाकांची जोडी. ती कचरा विंचरून बाजूला काढते, ओढायला हलकी असते, पण धसकट काही कापत नाही. म्हणून पेरणी जुन्या ओळीच्या चार बोटं बाजूला घ्यायची. ही चाकं खोल लावायची नाहीत. माती खणू लागली की वरंब्यावर चर पडतो, पावसाचं पाणी तिथेच थांबतं आणि बी कुजतं.

आपल्याकडे कणसं खुडून ताटं चाऱ्याला नेतात, मागे राहतं ते धसकट आणि थोडा पाला. अशा रानाला माझं मत दातेरी चाकं आणि चार बोटांची बगल. हार्वेस्टर फिरवून सगळं ताट रानातच पडलेलं असेल तर आडवं पातं. आणि जिथे पाला भरपूर ठेवलाय तिथे पेरताना थोडं नत्र जास्त द्या. मक्याच्या ताटात कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 60 ला 1 असतं, कुजताना जमिनीतलं नत्र अडकतं आणि कोवळा मका पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, ‘बघा, न जाळल्यामुळे झालं.’

ट्रॅक्टरच्या चाकांबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि आमच्या जिल्ह्यात खरी अडचण तीच आहे. 75 सेंटिमीटरचे दोन वरंबे पोटाखाली घेणारा ट्रॅक्टर सरीतून चालायला हवा असेल तर चाकांमधलं अंतर दीड मीटर पाहिजे. द्राक्षबागेसाठी घेतलेला छोटा ट्रॅक्टर त्याहून अरुंद असतो. तो वरंबेच तुडवत जातो, मग पुढे कोणतंही पातं लावा. आणि प्लांटर वरंब्यावरून घसरू नये म्हणून त्याला सरीत चालणारी वाट दाखवणारी चाकं असावीत. भाड्याने आणताना हे विचारा.

हॅपी सीडर चांगलं यंत्र आहे. पंजाबात भाताच्या काडात सपाट रानावर गहू पेरण्यासाठी ते घडलं. त्याचे दाते जवळजवळच्या गव्हाच्या ओळींसाठी असतात. वरंब्यावरच्या मक्याशी त्याचा संबंध नाही, एवढंच.

‘अमेरिकेची थेरं’ हेही जाता जाता. मका महिन्याभराचा झाला की आपण मातीची भर लावतोच ना? तोच वरंबा. तो आपण दरवर्षी करतो आणि दरवर्षी डिझेल जाळून मोडतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा पद्धतीत गादीवाफे न मोडता, मुळं जमिनीतच ठेवून भाताची शेती दाखवली. तेव्हा कुणी त्याला परदेशी म्हटलं नाही. ज्याच्याकडे प्लांटर नाही त्याने वरंब्यावर हाताने टोकण करावी. मक्यामागे हरभरा असेल तर उत्तमच, अळीलाही खंड पडतो.

एका ठिकाणी मेसेजवाल्याचं म्हणणं अर्धं बरोबर निघतं. मक्यामागे सपाट वाफ्यात उन्हाळ कांदा लावायचा असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तेच करायचं असतं, तर वरंबा टिकत नाही. तो मोडावाच लागतो. ते करताना धसकटं रोटाव्हेटरने बारीक करून मातीत जाऊ द्या, आणि लागणीच्या आधी पंधरा-वीस दिवस तरी ओल देऊन ठेवा.