सेकंड गिअरचा रस्ता

काल परत एका मित्राने मेसेज करून विचारलं, अमुक घाट जाण्यासारखा आहे का, म्हणजे वरून व्ह्यू कसा आहे. मला या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाही राव, कारण व्ह्यू पॉइंट हा घाटातला सगळ्यात बोअर भाग असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. गाडी लावा, दहा फोटो काढा, त्यातले नऊ सारखेच, चला. खरी मजा त्याच्या आधीच्या तासाभरात होऊन गेलेली असते आणि आपण तेव्हा मोबाईलला रेंज आहे का ते बघत बसलेलो असतो.

घाटात रस्त्याला डोंगराचं ऐकावं लागतं. सपाटीवर तो सरळसोट जातो, पण डोंगरात ठराविक चढाच्या वर गेलं की गाड्या दमतात, पूर्वी घोडे दमायचे, म्हणून मग तीच उंची लांबच लांब रस्त्यावर थोडी थोडी वाटून द्यायची, आणि तेवढ्या लांबीला जागा नसली की रस्ता वळून परत त्याच उतारावर आणायचा. झालं हेअरपिन. इटलीतला स्टेल्व्हिओ घ्या, १८२० ते १८२५ मध्ये बांधलेला, म्हणजे मोटारी नव्हत्याच तेव्हा, सगळा हिशोब घोडागाडीचा. खिंड २,७५७ मीटरवर आणि एकाच बाजूला ४८ हेअरपिन! प्रत्येक वळणाला नंबर आहे आणि चढताना तो ४८ पासून १ कडे येतो. मी अजून फोटोतच बघितलाय, पण ही उलटी मोजणी मला जाम आवडते, किती चढलो हे कुणी सांगतच नाही, किती राहिलं तेवढंच.

याच्या अगदी उलट अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग टू द सन रोड. त्याचे दोन प्लॅन होते, एकात १५ हेअरपिन आणि दुसऱ्यात कड्याला चिकटून लांबून जायचं, तसं मोठं वळण एकच. दुसऱ्याला खर्च जास्त होता तरी तोच घेतला, कारण डोंगरावर ओरखडे कमी पडणार होते. १९३३ मध्ये हा रस्ता सुरू झाला, चढ सगळीकडे साधारण ६ टक्क्यांच्या आत. रस्ता चांगला दिसतो तो उगाच नाही, कुणीतरी त्याच्यावर भांडलेलं असतं.

आता माझी फजिती. एका घाटात भर पावसात टायर पंक्चर झाला, स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा कमी (हो, चूक माझीच, महिनोन्महिने बघितलंच नव्हतं). मदत येईपर्यंत तासभर रस्त्याकडेच्या दगडी भिंतीसमोर उभा होतो. त्या भिंतीत ओळीने भोकं ठेवलेली असतात, आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. एकातून बोटाएवढी धार, शेजारच्यातून नुसते थेंब, तिसरं शेवाळाने बुजत आलेलं. भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला ती भोकं लागतात, नाहीतर पाण्याचा दाब वाढत जातो आणि एक दिवस भिंत रस्त्यावर येते. ते बुजलेलं भोक मी काडीने मोकळं केलं, भसकन गढूळ पाणी आलं आणि बूट भरले. तेव्हापासून घाटात गेलो की भिंतीच बघत बसतो, घरचे वैतागतात.

अजून एक, एसी बंद करा आणि काच खाली घ्या. हजार मीटर वर गेलं की हवा ढोबळमानाने साडेसहा डिग्रीने थंड होते, ते अंगाला कळलं पाहिजे ना! झाडं बदलतात, वास बदलतो, कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की एकदम सगळं ऐकू यायला लागतं. आणि उतरताना प्लीज न्यूट्रलला टाकू नका. पेट्रोल वाचतं म्हणणारे शहाणे मला दर ट्रिपला भेटतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक तापले की आधी जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, तिला परत उठवणं किती अवघड असतं ते चढावर थांबलेल्यालाच माहीत.

बोगदा झाला की घाट मेला अशी रड असते, ती मला फारशी पटत नाही. हिमाचलमधल्या रोहतांग खिंडीच्या खालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, त्याआधी बर्फ पडला की पलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता कित्येक महिने बंद. आपल्याला खिंड रोमँटिक वाटते, दवाखान्यात जायचंय त्याला नाही वाटत. आणि गंमत बघा, स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा १९८० मध्ये झाला, ट्रक सगळे खाली गेले आणि जुना दगडी फरसबंदीचा ट्रेमोला रस्ता वर तसाच राहिला, बर्फ नसेल तेव्हा लोक मुद्दाम तिथून जातात. घाई असणाऱ्यांना बोगदा द्या, वरचा रस्ता आपोआप आपल्याला मिळतो.

मित्राला शेवटी व्ह्यूबद्दल काहीच लिहिलं नाही. एवढंच पाठवलं की पहाटे निघ, सेकंड गिअरमध्ये राहा आणि त्याआधी स्टेपनीत हवा भरून घे.