काळ्या दगडाचे तळघर आणि १३ अंशांचा प्रश्न

कोल्हापुरात सध्या घर बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोल्हापूरची हवा मुळातच थंड आणि खाली काळा दगड, तेव्हा घराखाली आठ फूट खणावे, दोन फुटी दगडी भिंती बांधाव्यात, हवेसाठी झरोका ठेवावा, उन्हाळ्यापुरता दीड टनाचा एसी लावावा, की युरोपातल्यासारखे वाईनचे तळघर तयार होते, आणि वाईन जितकी जुनी तितकी चांगली असल्यामुळे खर्चही वसूल होतो. यातले प्रत्येक विधान ऐकताना पटते, आणि जवळजवळ प्रत्येक विधान कोल्हापूरपुरते तरी चुकीचे आहे.

खोल गेल्यावर जमिनीचे तापमान स्थिर होते, हे खरे आहे. पण ते कोणत्या आकड्यावर स्थिर होते, हे मजकूर सांगत नाही. साधारण दहा मीटर खोलीवर ते त्या गावच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. फ्रान्सच्या शँपेन भागात ही सरासरी मुळातच कमी असल्यामुळे तिथल्या खडूच्या दगडातल्या भुयारांत वर्षभर १० ते १२ अंश आपोआप मिळतात. कोल्हापूरची सरासरी २५ अंशांच्या घरात आहे. म्हणजे येथे कितीही खणले तरी जमीन त्याहून गार होणार नाही, आणि आठ फुटांवर तर उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरकही पोहोचतो. वाईन वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर १२ ते १४ अंश हवेत, आणि तेही फारसे न हलणारे.

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळघरात मी मे महिन्यात आठवडाभर कमाल-किमान थर्मामीटर टांगून ठेवला होता. बाहेर ३८ अंश असताना खाली उतरले की अंगावर गारवा यायचा, आणि घरातले आजोबा ‘हा आमचा फ्रीजच’ असे कौतुकाने सांगायचे. पारा मात्र २७ आणि २८ च्या मध्ये होता. त्याच तळघरात कुणी तरी भेट दिलेली एक बाटली दोन वर्षे पडून होती. तिचे बूच काचेच्या कडेच्या वर दोन मिलिमीटर आले होते आणि वरच्या आवरणाखाली जांभळा, चिकट ओघळ वाळून बसला होता. उष्णतेने वाईन प्रसरण पावून बूच ढकलते आणि गारठा आला की आकसून बाहेरची हवा आत ओढते. हे दोन-चार उन्हाळे झाले की आत उरते ती शिजवलेल्या फळासारखी चव.

दुसरा गैरसमज दगडी भिंतीचा आहे आणि तो अधिक खर्चिक आहे. जाड दगड उष्णता अडवत नाही, तो तिला उशीर करतो. म्हणून दुपारचे ऊन आत रात्री पोहोचते आणि दिवसभराचा चढउतार सपाट होतो. एवढा गुण मान्य केला पाहिजे. पण आत सतत १३ अंश ठेवायचे असतील तर उशिराचा उपयोग नाही, अडवणूक लागते, आणि त्या हिशेबात दोन फुटी बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची, भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीच्या जवळपासच भरते. साडेसहा फूट बाय आठ फूट, आठ फूट उंचीची खोली घ्या. बाहेर ३८ आणि आत १३ अंश असताना अशा दगडी किंवा विटेच्या खोलीत सगळ्या बाजूंनी मिळून सुमारे दीड हजार वॅट उष्णता शिरत राहते; त्याच खोलीला जमीन आणि छत धरून १०० मिलिमीटर पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक पॉलियुरेथेन फोमचे, अस्तर दिले तर ती १८० वॅटच्या आसपास येते. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला पफ पॅनेल बसवणारे कारागीर येथून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत, आणि या कामात गवंड्यापेक्षा त्यांचा सल्ला अधिक मोलाचा आहे.

झरोक्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: तो ठेवू नये. जुलैत बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा त्या हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर ती पाणी सोडते. १३ अंशांच्या खोलीत अशी हवा शिरली की भिंती पाझरतात, लेबले सुटतात, लाकडी मांडणीला बुरशी धरते. याच कारणाने बाष्प अडवणारा प्लास्टिकचा जाड पडदा अस्तराच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूला हवा. तो आतून लावला तर पाणी अस्तरातच साचते आणि दोन पावसाळ्यांत ते निकामी होते.

घरगुती एसी हे काम करू शकत नाही. बहुतेक एसी १६ अंशांच्या खाली नेताच येत नाहीत, आणि क्लृप्ती करून नेले तर कॉइलवर बर्फ धरतो. शिवाय दीड टनाचे यंत्र म्हणजे पाच हजार वॅटहून अधिक क्षमता. १८० वॅटच्या खोलीत ते क्षणात चालू, क्षणात बंद होत राहते. एसी हवेतला ओलावाही काढून टाकतो, आणि ६० ते ७० टक्क्यांच्या खूप खाली आर्द्रता बराच काळ राहिली तर बुचे सुकतात. यासाठी वाईनच्या खोलीचे वेगळे, लहान शीतयंत्र मिळते. त्याची गरम हवा मात्र मोकळ्या, वाहत्या जागेत सोडली पाहिजे. माळ्यावरच्या बंद कोंडीत सोडली तर एप्रिलमध्ये यंत्र हात टेकते.

खणण्याच्या सल्ल्यात तर पंचगंगेचा विचारच नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जयंती नाल्यातून फुगवटा शहरात शिरला. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांच्याकडेही पावसाळ्यात काळ्या मातीतले पाणी तळघराच्या भिंतींवर दाब देतच असते. जमीन गारवा देणारच नसेल तर ही जोखीम घ्यायची कशासाठी, हे मला कळत नाही. पहिल्या मजल्यावरची, उत्तरेकडची, बाहेरची भिंत कमीत कमी असलेली खोली या कामाला तळघरापेक्षा सरस ठरते. फक्त ३०० बाटल्यांचे वजन चारशे किलोच्या आसपास जाते, हे स्लॅबच्या हिशेबात धरावे.

राहिला जुनेपणाचा मुद्दा. जगातली बहुतेक वाईन बाजारात आल्यापासून थोड्याच वर्षांत पिण्यासाठी केलेली असते. नाशिकची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन ताजेपणासाठीच घ्यायची असते. चांगल्या द्राक्षांची, लाकडी पिंपात मुरलेली शिराझ ही लाल वाईन काही वर्षे सुधारते, एवढेच. तेव्हा बेत तीस-चाळीस बाटल्यांचा असेल तर खोली बांधूच नये, वाईनचे कपाट घ्यावे, आणि तेही कॉम्प्रेसरचेच. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेवर गार होणारे, कपाट खोलीच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाते, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये जेमतेम २५ वर थांबते. आधी परवान्याचेही पाहावे: महाराष्ट्रात मद्य घरी बाळगायला परवाना लागतो, आणि परवान्यावरच्या मर्यादेबाहेरचा साठा केवळ खोली मोठी आहे म्हणून ठेवता येत नाही.

खोली बांधलीच, तर दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी हवी, उंबऱ्यालासुद्धा. दार लावून फटीशी उदबत्ती धरावी. धूर आत किंवा बाहेर ओढला गेला तर पट्टी पुन्हा बसवून घ्यावी. मग रिकामी खोली तीन आठवडे चालवावी, शक्यतो मे महिन्यात आणि पुन्हा एकदा जुलैत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तापमान व आर्द्रता वहीत टिपावी. आकडे स्थिर होईपर्यंत बाटल्या दुकानदाराकडेच राहू द्याव्यात.