मॅन्युअलची सुधारित आवृत्ती कशी काढावी

कंपनीच्या इंजिनाचं छापील मॅन्युअल सुधारायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मुळीच घाबरू नका. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माझं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या हे कसं करतात ते रोजच बघतो.

आधी मुखपृष्ठ बदला. निळं होतं, लाल करा. खाली ‘सुधारित आवृत्ती’ छापा. आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख मात्र नको, नाहीतर दोन पुस्तकांतलं जुनं कुठलं ते कोणीही ओळखेल.

मजकूर वाढला तर पान ४५ नंतर ४५अ घालता येतं. ते करू नका. पुढची सगळी पानं सरकू द्या, अनुक्रमणिका तेवढी जुनी ठेवा.

चूक सापडली तर वर डकवायला स्टिकर पाठवा. कोकणातल्या जुलैत गोंद टिकतो म्हणे.

‘हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे’ हे पान जिवापाड जपा. साऱ्या पुस्तकात तेवढंच बिनचूक असतं.

आता खरी कला. काय बदललं ते सांगायचंच नाही. समजा, सिलिंडर हेडचे बोल्ट बदलले. जुने ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पान्याच्या ठरलेल्या जोराला, आवळले की काम झालं. नवे आधी कमी टॉर्कला आवळून मग अंश मोजून फिरवायचे. तर तक्ता गुपचूप बदला आणि वर लिहा, ‘नवीन इंजिनांसाठी’. कुठल्या सिरियल नंबरपासून नवीन? असं विचारणारा आगाऊ. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या बोटी किनाऱ्याला, सगळ्यांची इंजिनं एकदमच खोललेली, आणि आमचा पोरगा वर्कशॉपातलं पुस्तक उघडून अक्षरन् अक्षर पाळत बोल्ट आवळतो. ते पुस्तक रद्द झालंय हे त्याला स्वप्नात कळणार? ऑगस्टात बोट बाहेर पडते. बंदी उठल्यानंतरचे कमाईचे दिवस. भर समुद्रात हेडखालचं सील, हेड गॅसकेट, जातं, ऑइलमध्ये पाणी, दुसऱ्या बोटीने ओढून आणायचं, बर्फाचं पाणी झालेलं, डिझेल फुकट, खलाशांचा खर्च चालूच, आणि नाखवा माझ्या दारात उभा राहून विचारतो, “पुस्तकात बघून केलंस ना रे?”

बघूनच केलं! आणि तुमच्या हेल्पलाईनवरचा साहेब म्हणतो, “सर, ते तर मागच्या वर्षीच रिव्हाईज झालंय.” कुणाला कळवलंत? इंजिन विकताना नाखवाचा फोन नंबर तीन ठिकाणी लिहून घेता, तेव्हा बरा मिळतो.

विमानांच्या मॅन्युअलमध्ये बदललेल्या ओळीशेजारी समासात उभी काळी रेघ मारतात. तात्पुरता बदल पिवळ्या कागदावर पाठवतात. कुठलं पान कुठल्या तारखेचं, याची यादी पुढेच लावलेली असते. रद्द पान काढलं, नवं घातलं की नोंदीच्या पानावर सही. तुम्हाला एक रेघ मारवत नाही? आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचं सर्टिफिकेट फ्रेम करून मिरवता, बदलांवर नियंत्रण ठेवा असं त्या मानकातच लिहिलंय. कधी वाचलंत? कागद वाचवता आणि हंगाम दुसऱ्याचा बुडवता. लाज वाटू द्या जरा.

आणि तो सिरियल नंबर अजून कळवलेला नाहीत. आधी तो कळवा.