इंजिनात नट पडला तर सेल मारू नका

पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो आहे: काम करताना नट किंवा वायसर इंजिनात पडला तर घाबरू नका. तो चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, जाऊन बसतो. स्पार्क प्लगच्या भोकात गेला तर सेल मारा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवा, सायलेन्सरमधून उडून जाईल. नाहीतर चुंबक आहेच. आणि राहिलाच तर पुढच्या वेळी ऑइलबरोबर निघेल.

पहिल्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, आणि लोक फसतात ते तिथेच. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, ऑइल परतायची भोकं असतात. त्यांतून नट चेंबरच्या तळाशी पोचला, तर बहुधा लगेच काही बिघडत नाही. ऑइल पंपाच्या आधी जाळी असते. पण तो तिथे पोचला हे पाहिलं कोणी? टायमिंग चेन व्हॉल्व्ह उघडायची वेळ सांभाळते. तिच्या बाजूला पडलेला नट चेन आणि स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे तिच्या दातेरी चाकात, सापडला की चेन दात सोडते. मग अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. खरं तर चेंबरमध्ये नटापेक्षा वाईट म्हणजे चिंधीचा तुकडा किंवा सांधा बुजवायच्या सिलिकॉनचा ओघळ. तो जाळीला चिकटतो, ऑइलचं प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात.

सेल मारायचा सल्ला तर इंजिन फोडायचाच आहे. दहाचा पाना लागणारा एम ६ नट सुमारे ५ मिमी जाड असतो. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या कडेला हेडपासून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणापासून, जेमतेम १ मिमी जागा उरते. नट पोलादी, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. घाव कोणावर बसणार हे उघड आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फार तर ८-१० मिमी उघडतो, तेवढ्या फटीतून नट सरळ निघून जात नाही, व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर अडकतो. निघालाच, तर पुढे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे.

त्याऐवजी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तपकीर गल्लीत मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, ५.५ मिमीचा घ्या, प्लगचे आटे १२ किंवा १४ मिमीचे असतात. सगळे प्लग काढून आत बघा. इंजिन फिरवायची वेळ आलीच तर क्रँक पुलीवर पाना लावून हाताने, चालतं त्याच दिशेने, थोडं थोडं. पिस्टन खाली न्यायचा तो दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच, म्हणजे नट सीटखाली सरकत नाही. जरा जड लागलं की थांबा. थ्रॉटल (हवेची झडप) काढलेला असताना नट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, गेला असेल तर तो कुठल्याही सिलिंडरने ओढलेला असू शकतो, म्हणून सगळेच सिलिंडर तपासा.

चुंबक कामाचा आहे, पण फक्त लोखंडापुरता. तांब्याचा वायसर, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक आणि बरंचसं स्टेनलेस त्याला चिकटत नाही. शिवाय बोहरी आळीतून आणलेली चुंबकी काडी वाटेत चेनला, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला, सिलिंडरच्या भिंतीला ओढली जाते. तिच्यावर प्लास्टिकची नळी चढवा, फक्त टोक उघडं ठेवा. चुंबकाला न चिकटणाऱ्या वस्तूसाठी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस. हवा मारू नका. वस्तू उघड्या व्हॉल्व्हमधून पलीकडे जाते. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको. पेट्रोलची वाफ आणि मोटरची ठिणगी एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको.

ऑइलबरोबर निघेल म्हणणाऱ्यांनी मापं घ्यावीत. ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट एम १४ असेल तर भोक आतून साधारण साडेबारा मिमी. एम ६ नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११ मिमी, म्हणजे नेमका भोकासमोर आला तरच निघेल. तेराचा पाना लागणारा एम ८ नट तर निघणारच नाही. त्यात पुष्कळ गाड्यांत हे भोक चेंबरच्या बाजूला असतं, नट तळाशी तसाच राहतो. चेंबर उतरवणं हाच मार्ग. परत बसवताना सिलिकॉनची बारीकच रेघ द्या आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा. ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात, जोर केला की आटे जातात.

निघालेली वस्तू मूळ भागाशी जुळवून पाहा. वायसर अर्धाच हातात आला असेल तर उरलेला अर्धा अजून आत आहे.