नदी सुधारायची? आधी हॉल बुक करा

अभिनंदन. नदी पुनरुज्जीवन समितीवर नेमणूक झाल्याचं पत्र तुमच्या हातात पडलं असेल. पत्रात आडनाव चुकलेलं असेल तर दुरुस्त करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. पुढे कोनशिलेवरही तेच चुकीचं आडनाव लागतं, आणि कोनशिला कोणी बदलत नाही. मी आजवर अशा तीन समित्यांवर होतो. त्यातल्या एकीची पहिली बैठक अजून व्हायची आहे. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगतो, ते ऐका.

तुमची नदी कुठली ते मी विचारत नाही. खान्देशातली आहे म्हणजे बहुतेक तापीलाच मिळत असणार. पावसाळ्यात चार दिवस अंगावर येते, दिवाळीनंतर पाऊलसुद्धा भिजत नाही, आणि शहराच्या हद्दीत मात्र बारा महिने वाहते. हे शेवटचं कसं जमलं, असं बाहेरचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांना अभिमानाने सांगायचं की, शहरातल्या झाडून सगळ्या गटारांनी एकजूट दाखवली म्हणून जमलं. निसर्गाने जी हंगामी ठेवली ती आपण बारमाही केली. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा विषय कोणी काढलाच तर ‘ते दुसऱ्या टप्प्यात’ म्हणायचं. पहिला टप्पा भिंतीचा असतो. तिसरा टप्पा मी अजून पाहिलेला नाही.

भिंतीचं महत्त्व नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. नदीच्या नकाशावर दोन रेघा असतात. निळी रेघ २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेघ १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेघेच्या आत बांधायचं नाही, असा दंडक आहे. आता पात्राच्या दोन्ही अंगांना उंच आरसीसी भिंत घातली की पाणी भिंतीच्या आतच राहणार, असं कागदावर दाखवता येतं, आणि निळी रेघ बिचारी सरकत सरकत भिंतीला येऊन चिकटते. मग मागची काळी जमीन, जिथे कालपर्यंत म्हशी बसत, ती एका रात्रीत ‘रिव्हर टच’ होते. तिचे सातबारे कोणाच्या मेहुण्याच्या नावावर आहेत, हे समितीने बघायचं नसतं. आखडलेल्या पात्रातून पाणी जास्त जोराने धावतं आणि खालच्या गावात शिरतं, पण खालचं गाव आपल्या हद्दीत येत नाही. २०२१च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या घरादुकानांत घुसल्या, तेव्हा रेघा बघून थांबायची रीत त्यांना ठाऊक नसल्याचं दिसलंच. नद्या अडाणी असतात. म्हणून तर त्यांचं पुनरुज्जीवन करावं लागतं.

तळालाही काँक्रीट घाला, असा आग्रह धरा. उघड्या तळातून पाणी मुरतं, काठच्या विहिरींना पाझर जातो आणि लोक फुकटचं पाणी पितात. तळ बंद केला की विहिरी आटतात, बोअर आटतात आणि टँकरला काम मिळतं. आपल्याच शिरपूर तालुक्यात नेमकं उलटं केलं. नाले रुंद आणि खोल केले, सिमेंटचे बंधारे घातले, पाणी जमिनीत मुरवलं, आणि ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर नाव झालं. ते काम बघायला जरूर जा. येताना मात्र तिथून दोनच शब्द आणा: ‘सिमेंट’ आणि ‘खोलीकरण’. पहिला ठेकेदाराच्या कामी येतो, दुसरा रात्री फिरणाऱ्या वाळूच्या डंपरांच्या.

अभ्यासदौऱ्याचं म्हणाल तर सुरुवात अहमदाबादपासून. संध्याकाळी गाडीत बसलं की सुरतमार्गे सकाळी साबरमती. काठावर ओळीने उभं राहून फोटो काढायचा. हे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, असं कोणीतरी सांगू लागेल. त्या वेळी आपण आइस्क्रीम आणायला गेलेलं असावं. वरून मंजुरी मिळाली तर मग दक्षिण कोरियातलं सोल. तिथल्या ओढ्यावर उड्डाणमार्ग उभा होता. तो पाडून २००३ ते २००५ या काळात त्यांनी ओढा उघडा केला आणि आता हान नदीतून पंपाने पाणी आणून त्यात सोडतात. अहवालात ‘पाणी सोडतात’ एवढंच घ्या. ‘पाडून’ हा शब्द गाळा, कारण आपल्याकडे पाडायची यादी केली तर पहिल्या पानावर कोणाचं कॉम्प्लेक्स निघेल याचा नेम नाही. म्युनिचला जायचं तर बिअर प्या आणि परत या, तिथल्या इसार नदीकडे फिरकू नका. तिथे आठ किलोमीटरच्या पट्ट्यात बांधीव काठ मोडून खडी-वाळूचे काठ परत आणायला त्यांनी २००० ते २०११ अशी अकरा वर्षं घालवली. अकरा वर्षांत आपल्याकडे किती महापौर होतात, आणि त्यातल्या कोणाच्या हातून फीत कापायची?

दौऱ्यातलं सर्वांत बोधप्रद ठिकाण लॉस एंजेलिस. १९३८च्या पुरानंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी तिथली ५१ मैलांची नदी बहुतेक सगळी काँक्रीटच्या घळीत कोंबली. पुढे २००७ साली शहराने लोकांना बोलावून, त्यांचं ऐकून आराखडा केला की, जमेल तिथे हे काँक्रीट काढू आणि नदी परत आणू. आपली भाबडी मंडळी हे ऐकून हळहळतात. समितीने हळहळू नये. यात दोन टेंडरं आहेत, एक घालायचं आणि एक फोडायचं. पहिलं आपण घ्यावं, दुसरं मुलांसाठी ठेवावं.

आता येतो लोकसहभाग. हल्ली त्याच्यावाचून फाइल हलत नाही. घाबरू नका, फार तर एक दिवस जातो. बैठक ऐन कापूस वेचणीत ठेवायची, वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. म्हणजे ज्यांचा नदीशी रोजचा संबंध आहे, ती धुणी धुणारी, म्हशी धुणारी, जाळी टाकणारी, उन्हाळ्यात पात्रात टरबूज-डांगर लावणारी माणसं कामावर असतात, आणि ज्यांनी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्यापलीकडे नदीशी संबंध ठेवलेला नाही, ते सगळे मोकळे असतात. जाहीर सूचना पेपरात द्या. निधनवार्तांच्या शेजारी जागा मिळाली तर उत्तम, तिथे लोक फक्त ओळखीचे चेहरे बघतात.

आमच्या बैठकीला सल्लागार कंपनीची दोन मुलं पुण्याहून आली होती. पहिल्या स्लाइडवर विश्वेश्वरय्यांचा फेट्यातला फोटो. हे चांगलं केलं त्यांनी. तरुणपणी सरकारी इंजिनिअर म्हणून ते धुळ्याकडे होते आणि पांझरा नदीवर त्यांनी पाइपचा सायफन बांधला होता. दुसऱ्या स्लाइडपासून त्यांचा काही संबंध नव्हता. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सगळ्यांनी डोळे मिटा आणि आपली नदी मनात आणा.’ हॉल नदीकाठचाच आणि खिडक्या उघड्या. डोळे मिटायची गरज कोणालाच पडली नाही, नदी आपणहून आत येत होती. शेवटी मागच्या एका नगरसेवकाने खिडकी लावून घेतली, तेव्हा कुठे लोकांना नदी मनात आणता आली.

नंतर रंगीत चिठ्ठ्या. पिवळीवर अपेक्षा, हिरवीवर स्वप्न, गुलाबीवर सूचना. भिंतीवर नदीचा भलामोठा नकाशा, त्यात नदी निळी. (तो निळा रंग आमच्या गावात पहिल्यांदाच दिसला, म्हणून बऱ्याच जणांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले.) छापील प्रश्नावलीही असते आणि ती फार कौशल्याने करावी लागते. पेव्हर ब्लॉक लाल हवेत की करडे? कारंजं संगीताचं हवं की साधं? सेल्फी पॉइंट डाव्या काठावर की उजव्या? लोकांना निवडायला भरपूर द्या. पोट भरेपर्यंत निवडू द्या. फक्त भिंत, तळ, गटार आणि पाणी हे चार शब्द प्रश्नावलीत कुठेही येऊ देऊ नका.

एवढी काळजी घेऊनही एखादे जिभाऊ येतातच. आमच्याकडे साक्रीकडचे आले होते. लेकीकडे मुक्कामाला होते, जावयाला बँकेत काम म्हणून सोबत आले आणि हॉलमध्ये चहा दिसला म्हणून बसले. गळ्यात मफलर, हातात गुलाबी चिठ्ठी, तिचं काय करायचं ते कोणी सांगितलेलं नाही. तासभर सगळं ऐकून ते उठले.

‘हाई समदं बरं शे, भो. पन नदीमा पानी कोठे शे? आनि ते कोनले किती, हाई कोन ठरावी?’

पुण्याच्या मुलीने आमच्याकडे बघितलं. अध्यक्षांनी तत्परतेने भाषांतर केलं, ‘कारंज्याबद्दल विचारताहेत.’

जिभाऊ बसले नाहीत. त्यांचे वडील पाटकरी होते, म्हणाले, आणि सांगू लागले. पांझरेवर बंधाऱ्यामागे बंधारे होते, तीन-चारशे वर्षांपासूनचे. प्रत्येक बंधाऱ्यावरून पाट निघायचा आणि त्याच्याखालची गावची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली असायची. एका फडात सगळ्यांनी ऊस लावायचा, दुसऱ्यात सगळ्यांनी भुसार, ज्याला वाटेल त्याने वाटेल ते नाही. पाणी पाटकरी सोडणार, शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही. जागल्याने पिकांवर लक्ष ठेवायचं. दोघांनाही खळ्यावर धान्य मिळायचं. पावसाने दगा दिला की पंच बसणार आणि यंदा कुठला फड कोरडा ठेवायचा ते ठरवणार. आता यातली मेख अशी, की शक्यतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. म्हणजे फड बंद झाला की पंचाचंही शेत वाळायचं आणि पाटकऱ्याच्या चुलत्याचंही. ‘मंग भांडन कसाले व्हई?’ जिभाऊंनी विचारलं.

हॉलमध्ये शांतता पसरली. अशी शांतता धोक्याची असते. नदी, पाणी आणि माणसं यांचा हिशेब एका माणसाने कन्सल्टंटशिवाय मांडून दाखवला, तर पुढच्या स्लाइडकडे कोण बघेल? त्यातून हे मोसम आणि आरम या नद्यांवरही चालायचं, म्हणजे अपवाद म्हणूनही सोडून देता येत नाही. वर धरणं आली, नदीतला बारमाही प्रवाह तुटला, विहिरी-बोअर झाले, ज्याचा त्याचा पंप ज्याच्या त्याच्या बांधावर आला आणि बहुतेक फड मोडले, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

अशा वेळी काय करायचं ते आमच्या अध्यक्षांकडून शिकावं. ते लगबगीने खाली उतरले, ‘आपल्या मातीतलं पारंपरिक ज्ञान!’ असं माइकवर म्हणाले आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक जिभाऊंच्या खांद्यावर टाकली. वर नारळ. शालीचा शेव डाव्या हातात, नारळ उजव्या हातात, समोर फोटोग्राफर. एवढं झालं की चांगल्या चांगल्यांचं बोलणं थांबतं. गुलाबी चिठ्ठी खाली पडली. प्रोजेक्टरचं टेबल मघापासून डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली ती घडी घालून सारली. टेबल नंतर अजिबात हललं नाही. लोकसहभागाचा एवढा भक्कम आधार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

इतिवृत्तात त्यांचं म्हणणं आलं बरं का, कोणी असं म्हणू नये की आलं नाही. ‘एका ज्येष्ठ नागरिकांनी कारंज्यास पाणी कमी पडणार नाही याची दक्षता घेण्याबाबत सूचना केली. सूचना स्वागतार्ह असून संबंधितांस कळविण्यात यावी.’ खाली सह्या. दुसरी सही माझी आहे.

बाकी काम सोपं आहे. भूमिपूजन आचारसंहितेच्या आधी उरका. कोनशिलेचं आडनाव मी वर सांगितलंच. पात्रातली जुनी दगडी पायरी ‘सुशोभीकरणास बाधा’ म्हणून काढा, तिच्या दगडांचं काय झालं ते विचारू नका. भिंतीवर वारली चित्रं काढून घ्या. आपल्याकडे वारली राहत नाहीत, पण पेंटरला तेवढंच येतं. रेलिंग स्टीलचं असावं आणि फाटकाला कुलूप.

उद्घाटनानंतरच्या पहिल्या श्रावणात एक अडचण येईल, तिची तयारी आत्ताच ठेवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसतात आणि सोमवारी बायका त्या डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर येतात. फाटकापाशी गर्दी होईल. किल्ली ज्या वॉचमनकडे आहे तो त्या दिवशी त्याच्याच घरच्या कानबाईमागे नाचत असेल. किल्ली सापडली तरी आत पायरी नाही, उतार गुळगुळीत, आणि खाली जे वाहतंय त्यात कोणी आपली कानबाई घालणार नाही. तेव्हा सेल्फी पॉइंटच्या बाजूला दोन मोठे प्लॅस्टिकचे टप मांडून ठेवा, टँकरने भरून घ्या आणि वर ‘विसर्जनाची सोय’ असा बोर्ड लावा. बायका कुरकुरतील, पण ऊन चढलेलं असतं आणि घरी स्वयंपाक राहिलेला असतो. रांग लागेल. एखादी म्हातारी टपात बोटं बुडवून विचारेल, ‘हाई पानी कोठलं शे, माय?’

तिच्यापुढे अभिप्रायाची वही करा. पेन मात्र दोरीने बांधलेलं असू द्या, लोक घेऊन जातात.