एक नट कमी

"सर्व्हर रॅकमध्ये बसवायचा म्हणजे टेबलाचा खण आत सरकवायचा, त्याला दोन माणसं कशाला?" हे वाक्य मी भर मीटिंगमध्ये बोललो. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

रॅक म्हणजे सर्व्हर, म्हणजे मोठे संगणक, एकावर एक बसवायची उभी चौकट. आमचा ४२ यूचा होता. यू हे उंचीचं माप, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. वाकायला नको म्हणून मी बरोबर मधली जागा पकडली. आमच्या मॅडम या कामात मुरलेल्या. म्हणाल्या, "जड यंत्र तळाला. आधी कळस मग पाया केलात तर रॅक अंगावर येईल." मग वाकलो.

आता केज नट. हा नट एका छोट्या पिंजऱ्यात असतो. त्याचे पत्र्याचे पंख दाबून तो रॅकच्या चौकोनी भोकात बसवायचा. अर्ध्या तासाने पिंजऱ्यात नट आहे की मी, हेच कळेना. दोन नखं गेली, स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि एक नट टण्णकन उडून अंतर्धान पावला. नट बसवायला त्यांच्या पाकिटातच एक वाकडी पट्टी मिळते. ती मी पॅकिंगचा कचरा समजून टाकून दिली होती.

एका यूत तीन भोकं असतात, पण अंतर सारखं नाही. यूच्या आतली भोकं लांब-लांब, दोन यूंच्या सीमेवरची जवळ-जवळ. ही मेख ज्याने काढली त्याला मी भेटू इच्छितो. सर्व्हर ज्या दोन रेलवर सरकतो, त्यातली उजवी एक भोक वर लागली हे मला कळलं नाही. कळायला सर्व्हर उचलावा लागतो ना!

सर्व्हरवर दोन माणसं मिळून उचलतानाचं चित्र होतं. मी ते सजावट समजलो आणि मागच्या पॉवर सप्लायची मूठ धरून जोर लावला. मॅडम ओरडल्या, "अहो, ती मूठ सप्लाय ओढून काढायची आहे, सर्व्हर उचलायची नाही!" मग आम्ही दोन्ही सप्लाय काढले, डिस्कवर क्रमांक घालून त्याही काढल्या. भार बराच उतरला. दोघांनी धरून सरकवला, तर तो निम्म्यावर अडला. पुन्हा बाहेर, पुन्हा भोकमोजणी.

शेवटी बसला. मग केबल बघायला मी तो पूर्ण बाहेर ओढला, आणि वरचा जुना सर्व्हरही ओढला. रॅकने मला चक्क वाकून नमस्कार केला. मॅडमनी खांदा लावला म्हणून हा लेख मी लिहितोय. रॅक पुढे कलू नये म्हणून लावायचे पाय खोक्यात तसेच होते. ते आधी लावायचे, आणि एका वेळी एकच सर्व्हर बाहेर काढायचा.

सप्लाय आणि डिस्क परत घातल्या, दोन केबल दोन वेगळ्या पॉवर पट्ट्यांत लावल्या. बटण दाबणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "नट मोजलेत?"

पाकिटात ५०. लागले ८. उरले ४१.

मेमरी घालायला सकाळी मीच सर्व्हर झाकण उघडून ठेवला होता, अगदी रॅकच्या पायाशी. मी पॉवर केबल काढल्या, सर्व्हर थोडा पुढे ओढला आणि हलकेच हलवला.

खळ्ळ.

"मॅडम," मी म्हटलं, "जरा एक बाजू धरता का?"