एकर्नफर्डे बंद झालं म्हणून प्रत्येक जर्मन सिग दुर्मीळ होत नाही

जून २०२० मध्ये सिग सॉअर या पिस्तुलं बनवणाऱ्या कंपनीने उत्तर जर्मनीतल्या एकर्नफर्डे इथला कारखाना वर्षअखेरीस बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे १२५ कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. तेव्हापासून पिस्तूल संग्राहकांमध्ये एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: सरकारने कारखाना मारला, २६९ वर्षांची परंपरा संपली, आता 'मेड इन जर्मनी' लिहिलेलं कुठलंही सिग मिळेल त्या भावात घ्या, किमती तिप्पट होणार आहेत आणि सुटे भाग मिळणारच नाहीत.

भारतात ९ मिमी पिस्तूल सामान्य परवानाधारकाला ठेवता येत नाही, त्यामुळे हा सल्ला इथल्या कुणाच्या खिशाला लागणार नाही. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीचा नाद असलेल्या मराठी माणसांपर्यंत तो पोचतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

परंपरेचं आधी घेऊ. नावातला 'सॉअर' म्हणजे जे. पी. सॉअर ही जर्मन कंपनी. ती १७५१ मध्ये सुरू झाली ती झूल या गावात. दुसऱ्या महायुद्धानंतर झूल सोव्हिएत अमलाखाली गेलं आणि मग कंपनीने एकर्नफर्डेत नव्याने संसार मांडला. तिच्या शिकारी बंदुका आज दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावी बनतात. म्हणजे २६९ वर्षांतली जेमतेम सत्तर वर्षं एकर्नफर्डेची, आणि सॉअरचं नावही जर्मनीतून गेलेलं नाही. पी२२० हे पिस्तूल आणि त्याच्या पाठची भावंडं, म्हणजे पी२२६ आणि पी२२९, तर मुळात स्विस. आराखडा स्वित्झर्लंडमधल्या नॉयहाउझनच्या सिग कंपनीचा. स्वित्झर्लंडचे निर्यातीचे नियम कडक, म्हणून उत्पादनासाठी सॉअर हा जर्मन भागीदार घेतला गेला.

'सरकारने मारला' हे अर्धंच खरं आहे. जर्मनीत धंदा करणं परवडत नाही आणि सरकारी खरेदीत आपल्याला डावललं जातं, ही तक्रार कंपनीने उघडपणे केली होती. मात्र त्याआधी २०१९ मध्ये कीलच्या न्यायालयाने कंपनीशी संबंधित वरिष्ठांना दोषी ठरवलं होतं, हे त्या मजकुरात येत नाही. अमेरिकेसाठी म्हणून निर्यात परवाना घेतलेली ३८ हजारांहून जास्त पिस्तुलं तिथून कोलंबियाला गेली होती. शिवाय जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सॉअरचं पी३२० हे पिस्तूल निवडलं, ते बनतं न्यू हॅम्पशरमध्ये. कंपनीचा जीव तेव्हाच अटलांटिकपलीकडे गेलेला होता.

आता मुख्य मुद्दा, पिस्तुलावर कोरलेल्या ठशाचा. 'मेड इन जर्मनी' वाचून डोळे मिटून पैसे काढणाऱ्यांनी इथे थांबावं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कित्येक पी२२९ आणि पी२२६ वर नीट पाहिलं तर 'फ्रेम मेड इन जर्मनी' एवढंच कोरलेलं दिसतं. स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, अमेरिकेत कातलेली, जोडणी अमेरिकेतली, फक्त फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, समुद्र ओलांडून आलेली. पिस्तूल म्हणून त्यात काही कमी नाही, पण 'जर्मन सिग' म्हणून जादा पैसे मोजण्याजोगं ते नाही. संग्राहक ज्यासाठी खरोखर जीव टाकतात ती जुनी स्लाइड वेगळी असते: पोलादी पत्रा दाबून घडवलेली, पुढचं तोंड जोडलेलं, आत ब्रीचब्लॉक (काडतुसाला मागून आधार देणारा ठोकळा) पिनांनी बसवलेला. त्यावर 'मेड इन डब्ल्यू. जर्मनी' असतं, कीलच्या तपासणी कार्यालयाचा ठसा असतो, आणि सोबत वर्ष सांगणारी दोन अक्षरं. 'केए' म्हणजे १९९०. फ्रेम, स्लाइड आणि नळी या तिन्हींवरचा क्रमांक एकच हवा. त्यातली एक जरी बदललेली निघाली, तर बाकी कितीही चकचकीत असो, संग्राहकाची किंमत उतरते. विक्रेत्याकडून या तिन्ही जागांचे फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडून द्या.

किमती तिप्पट होण्याचं भाकीत तर सर्वांत कच्चं. पी२२६ काही मूठभर बनलेलं पिस्तूल नाही. सैन्यं, पोलीस आणि नागरी बाजार मिळून प्रचंड संख्येने ते बाहेर आहे. कारखाना बंद झाल्याने आधी बनलेल्यांपैकी एकही कमी होत नाही. जर्मनीत तर संग्राहकाचा लाल परवाना हवा असेल तर संग्रहाचा ठरावीक विषय आणि त्याचं ऐतिहासिक महत्त्व पटवून द्यावं लागतं, तेव्हा भाव वाढेल म्हणून साठा करणं तिथे सोपं नाही. पी२१० चा इतिहास पाहा. १९४९ मध्ये स्विस सैन्याने स्वीकारलेलं हे पिस्तूल नॉयहाउझनमध्ये बनायचं थांबलं, २०१० मध्ये एकर्नफर्डेने 'लेजंड' म्हणून परत आणलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतून नवं आलं. इतकं होऊनही नॉयहाउझनच्या जुन्या नमुन्यांचा मान टिकून आहे, कारण लोक पैसे मोजतात ते त्या कारागिरीसाठी आणि त्या विशिष्ट मालिकेसाठी. कारखान्याच्या दाराला कुलूप आहे की नाही यावर ते ठरत नाही.

तरी एकर्नफर्डेच्या कामातलं काही राखून ठेवावं असं मला मनापासून वाटतं: हाताने जुळवलेली एक्स-फाइव्ह आणि एक्स-सिक्स ही नेमबाजीची पिस्तुलं. ती तुलनेने थोडी बनली, आणि हातात घेतल्यावर स्लाइड मागे ओढताना जो घट्ट, सरळ प्रवास जाणवतो त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण ती नेमबाजीसाठी घ्या, मूळ डबा, चाचणीचा नेम दाखवणारा कागद आणि साधनांसकट.

सुट्या भागांची भीतीही अशा मोजक्याच पिस्तुलांपुरती खरी आहे. साध्या पी२२६ चं उत्पादन अमेरिकेत चालूच होतं. स्प्रिंगा मिळतात, मॅगझिनं तर इटलीची मेक-गार कंपनीही बनवते. जुन्या पत्र्याच्या स्लाइडवाल्यांनी पिना आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारी आकडी) मात्र जपून ठेवावेत, कारण नव्या स्लाइडचा एक्स्ट्रॅक्टर बाहेरून बसतो आणि तो जुन्यात चालत नाही. 'लेजंड' असलेल्यांनी अमेरिकी पी२१० चे भाग आपल्यात बसतील असं गृहीत धरू नये. दोन्हींत फरक आहेत. घेण्याआधी शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला विचारा, आणि एक जादा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) त्याच दिवशी मागवून ठेवा.